कर्णिकबाईंचा हिवाळा

मी काम करतो त्या वर्तमानपत्रात भूगोलाची चूक दिसली की कर्णिकबाई सकाळीच मला फोन करत. नमस्कार, ख्यालीखुशाली काही नसे.

"पहिल्या पानावर 'ठाण्यात थंडीचा कडाका' असं छापलंयत. आकडा किती दिलाय? अठरा. अठरा अंशांना कडाका म्हणतात का रे?"

"मथळा द्यावा लागतो, बाई."

"मग मथळ्याला स्वेटर घाला," असे म्हणून त्या फोन ठेवत.

बाई आमच्याच इमारतीत एक मजला वर राहत. जिना उतरून आल्या असत्या तरी चालले असते. पण चूक वर्तमानपत्राची आहे, शेजाऱ्याची नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे तक्रार फोनवर येई आणि अळूवडी दारावर.

कळव्यातली ती इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. बाई चौथ्या मजल्यावर, त्यांच्या डोक्यावर गच्ची. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. मी त्यांच्या वर्गात होतो. वर्गाकडे पाठ न वळवता, खांद्यावरून हात मागे नेऊन त्या आफ्रिकेचा नकाशा काढत आणि तो बरोबर येई. भूमध्य सागरी हवामानाचा धडा त्यांचा विशेष आवडता. "उन्हाळा कोरडा, हिवाळा ओला. आपल्या अगदी उलट," हे त्या वर्गाकडून म्हणून घेत. पुस्तकात ऑलिव्हच्या फांदीचे काळपट चित्र होते, त्यातली फळे जांभळांसारखी दिसत. एका मुलीने विचारले होते, "बाई, हे चवीला कसं लागतं?" बाई म्हणाल्या होत्या, "मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही." शिक्षकाला एखादी गोष्ट माहीत नसते हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

त्यांचे यजमान लवकर गेले. मुलगा एकच, निखिल. तो बोटीवर इंजिनियर झाला हे बाईंना कधीच पटले नाही. समुद्राची माहिती असलेल्या माणसाने समुद्रावर जाऊ नये, असे त्या म्हणत. प्रत्येक सुट्टीत त्या दोघांचा एकच वाद चाले. त्या म्हणत, आता बोट सोड. तो म्हणे, पुढच्या वर्षी. मानसीशी लग्न झाल्यावर ती डोंबिवलीहून कळव्याला राहायला आली आणि वादात सासूच्या बाजूने बसू लागली. निखिल दोघींना हसून टाळायचा.

एका सुट्टीत त्याने बॅगेतून मोजा काढला. मोज्यात कापलेली प्लास्टिकची बाटली, बाटलीत ओल्या मातीत वीतभर रोप. पाने अरुंद, वरून गडद हिरवी, खालून चंदेरी.

"आई, इतकी वर्षं वर्गात शिकवलंस. आता बघ तरी."

बाईंनी चष्मा पुसला. पान उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मग म्हणाल्या, "इथे जगेल. फळ धरणार नाही. याला हिवाळा लागतो, आणि पावसाळा चालत नाही. आपल्याकडे नेमकं उलट आहे."

"तू धरून दाखव ना," निखिल म्हणाला. "या झाडाला एक फळ आलं, की मी बोट सोडतो. शब्द."

"मानसी, तू साक्षीदार आहेस," बाई म्हणाल्या.

हे संभाषण आमच्या दारात झाले, कारण रोप दाखवायला त्याला कोणीतरी हवे होते. तिघेही हसत होती. त्या सुट्टीनंतर तो गेला तो परत आला नाही.

भूमध्य समुद्रात, एका बंदरातून दुसऱ्या बंदराकडे जाताना, सकाळच्या पाळीला तो हजर झाला नाही. बोट शोधली गेली, मग बोटीने मागे फिरून समुद्र शोधला. कंपनीचा फोन मानसीला आला. नंतर अहवाल आला, त्यात निष्कर्ष नव्हता. आमच्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर, एका परिच्छेदाची होती. त्या सकाळी बाईंचा फोन आला.

"बातमीत चूक नाही," त्या म्हणाल्या. मग विचारले, "तुमच्याकडे बेपत्ता हा शब्द किती दिवस वापरतात?"

"दुसरं काही कळेपर्यंत, बाई."

"ठीक आहे."

रोप तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. पुढच्या रविवारी बाईंनी ते गच्चीवर हलवले. अर्धे कापलेले निळे पिंप आणले, तळाला भोक पाडले, खाली विटा ठेवल्या. भूमध्य समुद्राकाठची जमीन चुनखडीची असते म्हणून मातीत चुना मिसळला. अंड्यांची टरफले कुटून घातली. हे सगळे त्यांनी न रडता केले आणि पुढेही त्यांना रडताना इमारतीत कोणी पाहिले नाही. त्यांच्याशी बोलायला येणाऱ्यांना त्या झाडाविषयी सांगत. एका नातेवाईक बाईंनी, नवस बोला, असे सुचवले. कर्णिकबाई म्हणाल्या, "नवस देवाशी असतो. हा माझा निखिलशी करार आहे. त्याने अट घातली, मी मान्य केली. देवाचा यात संबंध नाही."

त्यांना वेड लागले होते असे मानणारे लोक होते. ते खरे नव्हते. आपण काय करतो आहोत हे त्यांना पूर्ण माहीत होते, आणि तेच बघणाऱ्याला सहन होत नसे.

पावसाळ्यात त्या झाडावर ताडपत्री बांधत. जून लागण्याआधी चार बांबू, दोऱ्या आणि वर निळी ताडपत्री, अशी की पावसाचा थेंब पिंपात पडू नये. ऑलिव्हच्या मुळांना साचलेले पाणी चालत नाही. वारा सुटला की त्या गच्चीवर जाऊन दोऱ्या तपासत. चार महिने झाडाला त्या हाताने, तांब्याने मोजके पाणी घालत. शेजारी कळव्याचा पाऊस कोसळत असे आणि झाड कोरडे उभे असे.

पावसाळा असा अडवता आला. हिवाळा आणायचा कसा, हा खरा प्रश्न होता. डिसेंबर आला की त्या फोनवर किमान तापमान विचारत.

"हे सांताक्रूझचं आहे. कळव्याचं सांग."

"कळव्याचं मोजत नाहीत, बाई."

"मग मलाच काहीतरी करायला हवं."

त्यांनी केले ते असे. कळव्याच्या बाजारात मथुरा नावाची कोळीण बसे. कर्णिक मंडळी मासे खाणारी, त्यामुळे मथुराशी त्यांची जुनी ओळख. बाजार उठताना तिच्या पेटीत उरलेला बर्फ बाई गोणपाटाच्या पिशवीत भरून आणत आणि चार मजले चढवून गच्चीवर नेत. झाडाभोवती जुन्या गोधड्यांचा तंबू केलेला असे. आत फांद्यांजवळ बर्फाच्या पोटल्या टांगत, काही बर्फ बुंध्याशी रचत. सकाळपर्यंत सगळे वितळून पिंपात उतरे. जानेवारी संपेपर्यंत हे रोज चाले. मदत त्या घेत नसत. पिशवीला हात लावायला गेले की म्हणत, "तुझा करार आहे का?"

मथुराने त्यांना कधी विचारले नाही की बर्फ कशाला. तिने स्वतःच ठरवले होते. निखिलच्या बातमीनंतर मानसी माहेरी डोंबिवलीला गेली होती. बाई तिला मासे पाठवतात, त्यासाठी बर्फ नेतात, असा तिचा समज. "सूनबायला पापलेट पोचलं का नीट?" असे ती विचारी. बाई "पोचलं" म्हणत. झाडाला थंडी देते, हे मासळी बाजारात सांगण्याचा त्यांना संकोच वाटे. त्यांच्या आयुष्यात त्यांनी लपवलेली बहुधा ही एकच गोष्ट.

इमारतीत मात्र काही लपले नाही. वितळलेल्या बर्फाला मासळीचा वास येई. गच्चीवर मांजरे जमू लागली, कावळे तंबू उपसू लागले. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हात्रे उठले. ते बाईंना मानत, म्हणून आधी घसा खाकरला.

"बाई, लोकांची तक्रार आहे. पापड वाळत घातले तर त्यांना बोंबलाचा वास येतो."

"बोंबलाचा नाही. पापलेट-हलव्याचा असेल. मथुरा बोंबील बर्फात ठेवत नाही."

सभा हसली. म्हात्रेंनी धीर केला. "ते झालं. पण हा बर्फ किती वर्षं चालणार?"

"तुम्ही हिवाळ्याची दुसरी सोय करा, मी उद्यापासून बंद करते."

म्हात्रे बसले. इतिवृत्तात 'विषय पुढे ढकलण्यात आला' असे लिहिले गेले आणि तो पुढेच ढकलला जात राहिला.

झाड वाढले. हळू, पण वाढले. बाईंच्या खांद्याला लागले. आणि एका मार्चमध्ये त्यांनी मला गच्चीवर बोलावले, तेही फोन करून, आवाजात काही न दाखवता. एका फांदीवर, पानाच्या बेचक्यात, मोहरीएवढ्या फिकट कळ्यांचा एकच घोस होता. बाई हात मागे बांधून उभ्या होत्या. वर्गात वही तपासताना त्या तशा उभ्या राहत.

"पुस्तकात लिहिलंय, इथे येत नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तक मीच शिकवलंय."

आठवड्याभरात कळ्या न उमलता गळल्या. बाई निराश झाल्या नाहीत. त्यांनी निष्कर्ष काढला की थंडी कमी पडली. पुढच्या हिवाळ्यात बर्फ दुप्पट झाला. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. त्यांचे गुडघे तोवर दुखू लागले होते. प्रत्येक मजल्यावर पिशवी टेकवण्याचा आवाज येई, मग थोडी शांतता, मग पुन्हा पावले.

त्याच हिवाळ्यात मानसी आली. ती महिन्यातून एकदा येत असेच. बाईंसोबत जेवायची, नखे कापून द्यायची, औषधे आणायची. या वेळी तिने मला बसायला सांगितले, कारण तिला एकटीने बोलायचे नव्हते. सात वर्षे ज्याची काही खबर नाही, त्याला कायदा मृत मानू शकतो. पण त्यासाठी कोर्टात जावे लागते, आणि ज्यांना खबर लागायला हवी होती अशा जवळच्या माणसांनी ती लागली नाही असे शपथेवर सांगावे लागते. सात वर्षे होत आली होती. मानसीला तिच्या बँकेतल्या एकाने लग्नाचे विचारले होते.

"आई, तुमच्या सहीशिवायही होईल असं वकील म्हणतात," ती म्हणाली. "पण मला तसं नको आहे."

बाईंनी विचारले, "माणूस कसा आहे?"

"चांगला आहे. शांत आहे."

"समुद्रावर नाही ना?"

"नाही, आई. होम लोन बघतो."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "मे महिन्यापर्यंत थांबशील? मागच्या वर्षी कळ्या आल्या होत्या. या वर्षी बर्फ दुप्पट आहे. मेपर्यंत फळ दिसलं नाही, तर मी सही करीन."

या मागणीला अर्थ नव्हता हे तिघांनाही माहीत होते. मानसी म्हणाली, "थांबते." जिन्यात मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "सात वर्षं थांबले, आणखी चार महिन्यांनी काय होतंय. आणि समजा, आलंच फळ, तर?" मग स्वतःच मान हलवली आणि उतरून गेली.

फेब्रुवारीत पानांची टोके तपकिरी झाली. बाईंना आनंद झाला. "करपतंय," त्या म्हणाल्या. "खऱ्या थंडीत असंच करपतं." त्यांच्या मते कळव्यात पहिल्यांदा हिवाळा झाला होता. मार्चच्या सुरुवातीला पाने गळू लागली. आधी खालची, मग सगळीकडची. त्यांनी मुळे कुजली का पाहिले, कीड पाहिली, पाणी बदलून पाहिले. पिंपातल्या मातीवर पांढरी पापडी होती. ती बरीच वर्षे होती. मातीत चुना घातला होता, त्यामुळे तो चुनाच असणार असे त्यांनी धरले होते, आणि चुन्याने त्यांचे समाधानच होत असे.

एका सकाळी फोन आला नाही, दाराची बेल वाजली. बाई जिना उतरून आल्या होत्या. तळहातावर पांढरी भुकटी होती.

"चाटून बघ."

मी चाटली. मीठ होते.

"चुना नाही तो," बाई म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर."

बाजारात मथुरा नुकतीच बसत होती. बाईंनी तिला साध्या आवाजात विचारले, "मथुरा, बर्फात तू काही घालतेस का?"

"मीठ घालतो की, बाय. सगलेच घालतात. मिठानं बरफ आनखी गार व्हतो." मग ती थोडी पुढे झुकली. "आनि तुमच्या पिशवीत मी वरून मूठभर जास्तच टाकायची. म्हनलं, डोंबिवलीपरेंत जायाचं हाय, सूनबायचं मासं नासाया नको. का वं, खराब निंगालं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "सगळे चांगले निघाले. एकही खराब झाला नाही."

मथुराने समाधानाने मान हलवली आणि पेटी उघडली. बाईंनी तिच्याकडून दोन पापलेटे घेतली. बर्फ घेतला नाही. परतताना स्टेशनजवळ त्या थांबल्या आणि मला धडा सांगितल्यासारखे बोलल्या.

"पाणी येतं, उडून जातं, मीठ मागे राहतं. पाऊस पडला तर धुऊन जातं, नाही पडला तर साचतं. जमीन खारवते. सिंध, मेसोपोटेमिया. नववीला होतं."

"हो, बाई."

"आणि पाऊस मी पडू दिला नाही."

घरी गेल्यावर त्यांनी मासे साफ केले, तळले आणि एक तुकडा आमच्याकडे पाठवला.

मे महिन्याची वाट त्यांनी पाहिली नाही. एप्रिल लागला तेव्हा झाडावर एक पान नव्हते. फांदी वाकवली की मोडे. बाईंनी मानसीला स्वतः फोन केला. "कागद घेऊन ये," एवढेच सांगितले.

ठाण्याच्या कोर्टात मी सोबत होतो. वकिलाने विचारले ते आणि बाईंनी सांगितले ते, दोन्ही थोडक्यात झाले.

"मुलाशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"तो बेपत्ता झाला त्याच्या आदल्या आठवड्यात. फोनवर."

"काय बोलणं झालं?"

"झाडाला नवीन पान आलं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दोन आली."

"त्यानंतर त्याच्याकडून किंवा त्याच्याविषयी काही खबर?"

बाईंनी चष्मा सारखा केला.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही."

बाहेर बाकावर मानसी रडत होती. बाईंनी तिला पाण्याची बाटली दिली, पदराने तिचा चष्मा पुसून दिला. "आता तारीख ठरवा," त्या म्हणाल्या. "मात्र ऐन मेमध्ये नको, पाहुण्यांना उकडतं." मग त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्ही हाक मारेपर्यंत वळल्या नाहीत.

निकाल लागायचा तेव्हा लागला. त्यात बेपत्ता हा शब्द एकदा होता, नंतर दुसरा शब्द होता. मानसीचे लग्न डोंबिवलीत नोंदणी पद्धतीने झाले. साक्षीदार म्हणून पहिली सही कर्णिकबाईंची. नवऱ्याच्या आईने त्यांना आत नेऊन साडी दिली, ती त्यांनी मानसीच्याच हातात ठेवली. त्याच सुमारास आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि सगळ्यांना जागा रिकामी करायची होती. बाईंनी बडोद्याला धाकट्या भावाकडे जायचे ठरवले. तिथे त्या वर्षभर होत्या आणि तिथेच गेल्या. बडोद्याहून त्यांचा फोन कधी आला नाही. आमचा पेपर तिकडे जात नाही.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या लग्नाच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी कामासाठी बाहेरगावी जाणार होतो, आणि परत येईपर्यंत त्या बडोद्याला गेलेल्या असणार होत्या. डोंबिवलीहून आम्ही दुपारी परतलो. संध्याकाळी पाण्याची टाकी पाहायला मी गच्चीवर गेलो. ताडपत्री आणि बांबू काढून भिंतीशी ठेवले होते. पिंपात काडीसारखे वाळलेले झाड उभे होते. बाई अजून लग्नातल्या जरीच्या साडीत होत्या, पदर कमरेला खोचलेला, निऱ्या घोट्यांपर्यंत भिजलेल्या. गच्चीच्या नळाखाली बादली भरत होती. भरली तशी ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि सावकाश, पूर्ण, झाडाच्या बुंध्याशी ओतली. मग विटेला हात टेकून खाली बसल्या. पिंपाच्या तळाच्या भोकातून पाणी येऊ लागले, तसे त्यांनी त्याखाली बोट धरले आणि ते जिभेला लावले.

मी मागे उभा आहे हे त्यांना कळले असावे. त्यांनी वळून पाहिले नाही.

"अजून खारट आहे," त्या म्हणाल्या, आणि बादली पुन्हा नळाखाली लावली.